अंकल म्हणजे काका की मामा? गॉथिक रहस्यकादंबरी वाचताना

घराण्याच्या गुपिताची गॉथिक कादंबरी वाचायला घेतली की सोबत एक पाठकोरा कागद ठेवा आणि पहिल्या प्रकरणापासून वंशावळ काढत जा. जुना वाडा, बंद खोली, वादळी रात्र यांत गुंगून जाण्याचा आनंद मोठा आहेच, पण रहस्य दडलेलं असतं ते नात्यांत आणि सालांत.

नात्यांचं आधी. इंग्रजीतला ‘अंकल’ काका असेल, मामा असेल, मावशीचे नाहीतर आत्याचे यजमान असतील. ‘कझिन’मध्ये तर अर्धं गोत मावतं. मूळ लेखकाला ही सोय आयती मिळते. मराठी अनुवादकाला मात्र पहिल्याच पानावर निर्णय करावा लागतो. ‘काका’ लिहिलं की तो माणूस वाड्याच्या वारसांच्या रांगेत आला, ‘मामा’ लिहिलं की बाहेर गेला. म्हणून अनुवादात ‘अंकल’ तसाच ठेवलेला दिसला तर तो आळस समजू नका. बहुतेकदा तीच खरी मेहनत असते. कागदावर त्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाका.

प्रत्येक नावाखाली जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सालं लिहायची. ती सरळ दिलेली नसतात. ‘आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते’ अशा वाक्यांतून वजाबाकी करून काढावी लागतात. समजा, नायिकेचा जन्म १८६१चा निघाला आणि आईवडिलांचं लग्न १८६२चं. इंग्लंडमध्ये लग्नाआधी झालेलं मूल पुढे आईबापांनी लग्न केलं तरी औरस ठरत नसे. तो नियम १९२६च्या कायद्याने बदलला. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने सगळी इस्टेट दुसऱ्याच्या घरात जाते, आणि मग कुणीतरी ते वर्ष लपवतं.

‘वेड्या बायकोला माळ्यावर कोंडून का ठेवलं, सोडून का नाही दिलं?’ हा प्रश्नही नेहमी पडतो. घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचं तर १८५७च्या कायद्याआधी पार्लमेंटकडून स्वतःपुरता वेगळा कायदा करून घ्यावा लागे. वेड हे घटस्फोटाचं कारण धरायला तर १९३७चा कायदा यावा लागला. ही दोन सालं लक्षात असली की त्या माळ्याच्या कुलपाची किल्ली हाती येते.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ला सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चची वही. एका गाजलेल्या कादंबरीत (नाव सांगत नाही, रहस्य फुटेल) एका लग्नाची नोंद पानाच्या अगदी तळाशी दाटीवाटीने बसवलेली आहे, आणि दुसरीकडे जपलेल्या नकलेत तीच जागा कोरी! ज्यांनी तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढून वारसनोंदी जुळवल्या आहेत, त्यांना ही जागा वाचताना काय होतं ते वेगळं सांगायला नको.

घराचाही साधा नकाशा काढा. वर्णनाचे परिच्छेद कंटाळवाणे म्हणून गाळले जातात आणि तिथेच घात होतो. बाहेरून सात खिडक्या मोजल्या आणि आत सहाच खोल्या दाखवल्या, तर ते अंतर उगाच ठेवलेलं नसतं. आजोबांचंच नाव नातवाला असेल तर ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ अशी खूण लगेच करा, नाहीतर जुनी पत्रं आली की दोघांची गल्लत होते.

वेळेचा हिशेब म्हणाल, तर चारशे पानांना तासाला तीस पानं या गतीने साधारण तेरा तास लागतात. ते दहा दिवसांत संपवा. मध्ये आठवडा गेला की नावं पुसट होतात. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं तर सीएसएमटीपर्यंत तासभर सलग वाचन होतं, एक मोठं प्रकरण सहज बसतं. नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीला जाणाऱ्यांनी पत्रं-डायऱ्यांची छोटी प्रकरणं त्या प्रवासात घ्यावीत. मृत्युपत्राचं वाचन मात्र घरी, शांतपणे, कागद समोर ठेवून.

प्रस्तावना शेवटी वाचा, तिच्यात बऱ्याचदा सगळं सांगून टाकलेलं असतं. १८९३पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून किंवा जवळच्या वाचनालयातून प्रत आणलीत तर समासात पेन्सिल लावू नका. एका नावाखाली ओढलेली रेघ पुढच्या वाचकाचं पुस्तक संपवते. वंशावळ वेगळ्या कागदावरच राहू द्या. शेवटचं पान झालं की तो कागद घेऊन पहिलं प्रकरण पुन्हा वाचा, आणि ‘अंकल’पुढचं प्रश्नचिन्ह खोडून खरं नातं लिहा.