सिरोंच्याचा बारापासॉरस

11 डिसेंबर 2025, गुरुवार. आझाद हिंद एक्स्प्रेस

वर्धा गेलं. खिडकीतून काळी जमीन, कपाशीची झाडं, मधेच एखादा पांढरा बैल. पुण्याहून काल संध्याकाळी निघाले तेव्हा डोक्यात फक्त बँकेची राहिलेली कामं होती, पण विदर्भ लागला आणि माझं मन खाली, दक्षिणेकडे धावायला लागलं. वर्ध्याहून खाली वरोरा, वरोऱ्याजवळ पिसदुरा. त्याच्याही खाली चंद्रपूर, आणि पार टोकाला, जिथे महाराष्ट्र संपतो, तिथे सिरोंचा.

मी तिसरी ते सहावी सिरोंच्यात शिकले. बाबा बांधकाम खात्यात होते, बदली झाली होती. मी चौथीत असताना, 1982 साली, चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा निघाला. आमच्या रोजच्या जगण्यात त्याने काही फरक पडला नाही. पावसाळ्यात रस्ता बंद व्हायचा तो व्हायचाच. गावात अर्धे लोक तेलुगू बोलायचे. प्राणहितेचं पात्र एवढं रुंद, की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसायचा.

शाळेच्या कपाटात कव्हर नसलेलं एक पुस्तक होतं. पृथ्वीवर माणसाच्या आधी कोण राहत होतं, याचं. त्यात दोन पानं भरून डायनासोर. ती दोन पानं मी किती वेळा उघडली असतील याला गणती नाही. लांब मानेचा एक होता, तो तळ्यात उभा राहून पाला खात होता, आणि मला वाटायचं की तो माझ्याकडे बघतोय. त्याच्याखाली अमेरिकेतल्या कुठल्यातरी ठिकाणाचं नाव होतं. तेव्हापासून माझी खात्री झाली की डायनासोर म्हणजे लांबचं काहीतरी. समुद्रापलीकडचं. तिकडच्याच लोकांना सापडतं, तिकडच्याच लोकांना बघायला मिळतं.

आणि त्याच वर्षांत, आमच्या घरापासून काही मैलांवरच्या पोचमपल्ली गावालगत निघालेला एक अख्खा डायनासोर, बारापासॉरस, कलकत्त्यात उभा होता. 1977 पासून. मी ती दोन पानं उलटत होते तेव्हाही तो उभाच होता. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

उद्या त्यालाच भेटायला चाललेय.

पिसदुऱ्याचं इथेच लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल. चुलत बहिणीकडे वरोऱ्याला गेलो होतो, मुलगा सात-आठ वर्षांचा असेल. बांधावरून चालताना एका शेतकरीदादांनी त्याच्या हातावर एक गोटा ठेवला. बटाट्याएवढा, गुळगुळीत, एका बाजूला चिमटलेला. म्हणाले, ‘शेण आहे, बाळा. राक्षसी पाल होती ना, तिचं.’ मुलाने दचकून हात मागे घेतला नाही. उलट दोन्ही हातांची ओंजळ केली आणि गोट्याचा वास घेतला. दगडाला कसला वास येणार? पण तो बराच वेळ हुंगत राहिला. मग आम्ही गोटा होता तिथेच ठेवला.

याच पिसदुऱ्याच्या शेणगोट्यांनी 2005 साली शास्त्रज्ञांना आपलं मत बदलायला लावलं. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोटे तपासले तेव्हा आत गवताचे सिलिकाचे कण निघाले. तोवर मानलं जायचं की डायनासोर गेल्यानंतर गवत आलं. पण या जनावराने गवत खाल्लं होतं, पचवलं होतं, आणि वरोऱ्याच्या मातीत पुरावा टाकून ठेवला होता. गवताची गोष्ट आपल्याकडच्या शेणातून कळावी, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आपलं अर्धं आयुष्य गवत, गाय आणि शेण यातच गेलेलं.

नागपूर आलं. संत्री घेते.


12 डिसेंबर, शुक्रवार. रात्री, बरानगर, कलकत्ता

पाहिला.

सकाळपासून पोटात गोळा होता. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट म्हणजे संख्याशास्त्राची संस्था, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी उभी केलेली. तिथे डायनासोर कशाला, असं कुणीही विचारेल. टॅक्सीवाल्यानेही विचारलं. महालनोबिसांना मोजण्यासारखं सगळंच आपलं वाटायचं, खडक आणि हाडंसुद्धा. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं आणि भूविज्ञानाचं काम सुरू झालं. या मंडळींनी प्राणहिता-गोदावरीचं खोरं पायाखाली घातलं. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून तिथल्या खडकांच्या थराला कोटा हे नाव आहे. त्याच थरात 1960-61 च्या सुमारास पोचमपल्लीच्या रानात हाडं लागली. एक-दोन नव्हेत, सुमारे 300. किमान सहा जनावरांची, एकमेकांत मिसळलेली, आणि त्यांच्यासोबत दगड झालेले झाडांचे मोठाले ओंडके. पूर आला असणार आणि कळप, झाडं, सगळंच वाहून एका जागी येऊन पडलं असणार, असं अभ्यासक म्हणतात. गोदावरीचा पूर ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी 1983 सालच्या पावसाळ्यात प्राणहितेतून मुळासकट वाहत जाणारी झाडं घाटावर उभं राहून पाहिलीत.

फाटकावर नाव लिहिलं, परवानगीचा कागद दाखवला, आणि एका मुलाने मला संग्रहालयाच्या दारापर्यंत आणून सोडलं.

आधी पाय दिसले. खरं म्हणजे त्याच्या नावातच पाय आहे. बंगालीत ‘पा’ म्हणजे पाय, ‘बारा’ म्हणजे बडा. बडा पाय. माझ्या मुलाला लहानपणी हे नाव सांगितलं तेव्हा त्याने डोळे मोठे करून विचारलं होतं, ‘आई, बारा पाय?’ मराठी कानाला दुसरं काय ऐकू येणार? नावाचा दुसरा भाग ‘टागोराय’, कारण हाडं लागली ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. 1975 साली सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉय चौधुरी आणि शंकर चॅटर्जी यांनी शास्त्रीय वर्णन करून हे नाव पक्कं केलं. सिरोंच्याच्या मातीतलं जनावर, नाव बंगाली. मला याचं वाईट वाटत नाही. ज्यांनी उन्हात बसून ब्रशने एकेक हाड मोकळं केलं, त्यांनी आपल्या कवीचं नाव द्यावं, हे मला योग्यच वाटतं. ते हाड सिरोंच्यातच राहिलं असतं तर, असं मात्र मनात येऊन गेलं. आमच्या शाळेतल्या पन्नास पोरांनी ते पाहिलं असतं तर.

मांडीचं हाड. मी त्याच्याशेजारी जाऊन ताठ उभी राहिले. माझी उंची पाच फूट चार इंच. हाड पाच फुटांहून लांब. खुब्याच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत, फक्त मांडी, आणि तीच जवळजवळ माझ्याएवढी. मी ही लांबी वाचली होती, आकडा पाठ होता. पण शेजारी उभं राहिल्यावर माझं स्वतःचं शरीर एकदम हलकं, पोरकं वाटायला लागलं. आजोबांच्या मांडीशी उभं राहिलेलं लहान मूल असावं तसं.

मग जवळ गेले, अगदी वाकून पाहिलं. लांबून तो सांगाडा एकसंध दिसतो. जवळून दिसतात भेगा. हाडभर बारीक भेगा, कुठे भरलेल्या, कुठे तशाच. हा तुटला होता आणि कुणीतरी जोडलाय, हे स्पष्ट कळतं. खांबासारख्या पायांना लोखंडाचा आधार. वर पाठीच्या मणक्यांची रांग, आणि तिथे मला जे बघायचं होतं ते होतं: मणक्यांच्या वरच्या कमानीतल्या पोकळ्या. एवढं धूड पेलायचं तर हाडाचंच ओझं कमी करायला हवं. पुढे कोट्यवधी वर्षांनी जे खरे अवाढव्य झाले त्यांच्या मणक्यांत या पोकळ्या खूप वाढल्या. याच्यात ती नुसती सुरुवात आहे. सुतार जसा जाड फळी आतून कोरून हलकी करतो, तसं. हा सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीचा, लांबी सुमारे 14 मीटर, म्हणजे त्याच्या वंशात तसा जुना. शेपटीच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. चौथ्या फेरीला मोजणं सोडलं.

कवटी कधी सापडलीच नाही. मिळाले ते तीन सुटे दात, चमच्यासारखे, कडेला दातेरी. पुरात मान तुटून डोकं कुठल्या कुठे वाहून गेलं असेल. ते अजून पोचमपल्लीच्या आसपास जमिनीत असेल का? एवढ्या वर्षांत नदीने काय काय नेलं असेल. तरी आज दिवसभर मी त्या डोक्याचाच विचार करत होते.

याआधी मी दोन मोठे सांगाडे पाहिलेत. हैदराबादला बिर्ला सायन्स म्युझियममध्ये कोटासॉरस. तो याचाच शेजारी, प्राणहितेच्या पलीकडच्या काठावर यामनपल्लीत निघालेला. तेव्हा मुलगा लहान होता, त्याला खांद्यावर घेऊन पाहिला, म्हणून नीट पाहताच आला नाही. आणि गेल्या वर्षी मुलाकडे गेले होते तेव्हा बर्लिनमध्ये जिराफटायटन. तो 13 मीटरहून उंच, छताला भिडलेला. त्याच्यापुढे हा धाकटा भाऊ वाटेल. पण तिथे माझ्या मनात एका गोष्टीने घर केलं. तो जर्मनीचा नाही. आजच्या टांझानियातल्या तेंडागुरूहून 1909 ते 1913 या काळात जर्मनांनी खोदून नेलेला. खोदणारे शेकडो हात मात्र आफ्रिकी माणसांचे. त्यांनी ती हाडं डोक्या-खांद्यावरून पायी लिंडी बंदरापर्यंत पोहोचवली, दोनशे टनांहून जास्त. मी त्या सांगाड्याखाली उभी होते आणि मला सारखे ते डोक्यावरचे गाठोडे दिसत होते.

आजही तसंच झालं. सहा जनावरांचे 300 तुकडे सिरोंच्याहून कलकत्त्याला आले कसे? त्या काळच्या रस्त्यांनी? प्लास्टर आणि गोणपाटात बांधून बैलगाडीत कुणी चढवले असतील? ट्रक कुठपर्यंत येत असेल?

साडेचारला बाहेर पडले. पाय दुखत होते आणि रडू येत होतं, दोन्ही खरं. गेटबाहेर मातीच्या कुल्हडात चहा घेतला. बी. टी. रोडवर बसगाड्यांचा गोंधळ. बसला टेकून उभ्या एका मुलीने विचारलं, काकी, काय झालं? मी म्हटलं, माझ्या गावचं कुणीतरी भेटलं.


13 डिसेंबर, शनिवार. सकाळ

काल रात्री बाबांना फोन केला. ऐंशी पार झालेत, चंद्रपूरला असतात, ऐकायला कमी येतं, म्हणून ओरडूनच बोलावं लागतं. फोटो पाठवले होते, नातवाने मोठे करून दाखवले असणार.

‘बाबा, हा पोचमपल्लीचा. तुम्ही जीपने जायचे ना त्या रस्त्याने?’

बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला.

‘पोचमपल्लीले एक म्हातारा होता,’ बाबा म्हणाले. ‘आमच्या रस्त्याच्या कामावर पाणी भरे. तो सांगे, तरुणपणी कलकत्त्याच्या साहेबलोकांसोबत दगड उचलले म्हणून. गोणपाटात गुंडाळून, पोराले उचलावं तसे. हळू ठेव, हळू ठेव, असं ते साहेब म्हणत म्हणे. मले वाटलं, म्हातारा काहीतरी बोलते.’

‘तुम्ही मला कधी सांगितलं नाही!’

‘तू तेव्हा लहान होती. आन् मले तरी कुठं माहीत होतं, ते दगड काय होते म्हणून?’

मी खाटेवर बसून राहिले. खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटत होतं. चाळीस वर्षं ती गोष्ट आमच्या घरात होती, आणि मी ती पुस्तकाच्या दोन पानांत शोधत होते.

मग बाबांनी विचारलं, ‘हात लावला का तू त्याले?’

‘नाही बाबा, हात लावायचा नसतो.’

‘हं,’ म्हणाले. ‘त्या म्हाताऱ्यानं लावला असल.’

त्याचं नाव त्यांना आठवत नाही. आज दिवसभर आठवायचा प्रयत्न करतो म्हणाले. संध्याकाळी पुन्हा फोन करायचाय.