रोजमेळ ते आठवड्याचे पान: आमची वाटचाल

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी नियोजन-वही छापणारे आता बरेच झाले आहेत. त्यातल्या काहींच्या आठवड्याच्या पानावर तळाला एक आडवी पट्टी दिसते, ‘उरलेले’ अशा मथळ्याची. ही पट्टी सांगलीत, हरभट रोडमागच्या आमच्या छापखान्यात तयार झाली. कुणी कबूल करो न करो, ज्यांनी ती उचलली त्यांना हे पक्के ठाऊक आहे.

घराण्याचा धंदा चोपड्यांचा. गणपती पेठेतल्या हळदीच्या, गुळाच्या व्यापाऱ्यांना लागणारे रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, आणि खतावण्या, म्हणजे खातेवार नोंदींच्या. जुज शिलाई, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे दोऱ्याने शिवणे, लाल कापड, मैद्याची खळ आणि तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. दिवाळीआधी वह्या दाबायचा शिकंजा रिकामा दिसायचा नाही. मग पेढ्यांवर संगणक आले, 2017 च्या जुलैत जीएसटी आला, आणि चोपडी लक्ष्मीपूजनापुरती उरली. आसपासच्या बाइंडरांनी लग्नपत्रिकांची कामे धरली. आम्ही त्याच्या आधीच दुसऱ्या वाटेला लागलो होतो. त्याचे श्रेय साताऱ्याच्या एका ताईंना.

ताईंची दोन मुले घरी शिकत होती. त्या आल्या कोऱ्या खतावण्या मागायला. बाजारातली डायरी का चालत नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले: “डायरीत तारीख आधी छापलेली असते, आणि पोराला सोमवारी ताप आला की मंगळवारपासून सगळी वही खोटी पडते.” मग खोडरबर, बाण, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि गणपतीपर्यंत वही बंद. घरी शिकवणाऱ्या बहुतेकांच्या वह्या इथेच मरतात. आळस हे त्याचे कारण नव्हे, वहीची रचनाच तशी असते.

आमच्याकडे जुज शिवणारे मिरजेचे चाचा होते. ताईंचे म्हणणे त्यांना लगेच उमगले, कारण उत्तर आमच्या जुन्या धंद्यातच होते. रोजमेळात जे घडले ते घडले त्या क्रमाने उतरते. खतावणीत त्याच नोंदी खात्याप्रमाणे जातात. व्यापारी या दोन गोष्टी कधी एका पानावर कालवत नाही. उद्या कुणाला किती द्यायचे याची यादी तर तिसऱ्याच कागदावर असते. शिकवण्याच्या वहीत मात्र लोक ‘काय करायचे’, ‘काय झाले’ आणि ‘विषय कुठवर आला’ हे तिन्ही एकाच चौकोनात कोंबतात. आम्ही ते सुटे केले. आमच्या वहीचे सगळे गमक यात आहे, बाकी कागद आणि बांधणीची वायर.

आठवड्याची दोन समोरासमोरची पाने. डाव्या पानावर करायच्या कामांची यादी, तारखेविना, नुसती क्रमाने. उजव्या पानावर झालेल्या कामाची नोंद, आणि तारीख तिथे हाताने लिहायची, काम झाल्यावर. मूल दोन दिवस आजारी पडले तर डाव्या पानावर एक अक्षर बदलावे लागत नाही. यादी जिथे थांबली तिथून पुढे चालू. यादीची ओळ 8 मिलिमीटर, चौथीपर्यंतच्या मुलांसाठी 10, आणि टिक करायची चौकट 5 मिलिमीटरची. त्याहून लहान चौकटीत मुलाची पेन्सिल बसत नाही, आणि चौकट मुलानेच भरायची असते. काम सुरू केले की एक तिरकी रेघ, पुरे झाले की दुसरी मारून फुली. अर्धवट आणि पूर्ण यांतला फरक त्यामुळे लांबूनही दिसतो.

यादीत ‘गणित करणे’ असे लिहू नये. ‘गणित, पान 42, उदाहरणे 1 ते 6’ असे लिहावे. पान क्रमांक नसेल तर मूल विचारायला येते, आई स्वयंपाक सोडून पुस्तक शोधते, आणि दोघांची दहा मिनिटे जातात. दिवसाला एका मुलाच्या सहाच ओळी आम्ही छापतो. आठ मागणारे पालक दरवर्षी भेटतात. त्यांना आम्ही नम्रपणे सहाचीच वही देतो.

आता ती पट्टी. ‘उरलेले’ उजव्या पानाच्या तळाला, 32 मिलिमीटर उंच, म्हणजे मोजून चार ओळी. आठवड्याच्या शेवटी जे राहिले ते इथे उतरवायचे आणि पुढच्या सोमवारच्या यादीत सगळ्यांत वर घ्यायचे. चारांपेक्षा जास्त उरले तर त्याचा अर्थ एकच: यादी जड झाली आहे, पुढच्या आठवड्यात कमी लिहा. एकच काम सलग तिसऱ्यांदा पट्टीत आले तर ते तोडून दोन करा किंवा काढून टाका. पट्टी चार ओळींची आहे म्हणूनच ती काम करते. हे वाक्य आम्ही पहिल्या आवृत्तीपासून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर छापतो.

आठवडे किती ठेवायचे यावर ताईंशी बराच खल झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळांसाठी पहिली ते पाचवीला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास दिले आहेत. ते बंधन शाळांवरचे, पण मोजमाप म्हणून सोयीचे. पाच दिवसांचा आठवडा धरला तर 40 आणि 44 आठवडे होतात. म्हणून आमच्या दोन वह्या, 40 जोडपानांची आणि 44 जोडपानांची. पाचव्या दिवसाची यादी आम्ही निम्मी कोरी ठेवतो. चार दिवसांचे नियोजन करा, पाचवा दिवस सांडलेले गोळा करायला ठेवा.

मागच्या भागात खतावणी, प्रत्येक विषयाला स्वतंत्र पाने. तारीख, धडा किंवा पान, लागलेला वेळ, आणि शेवटचा बारीक रकाना ‘पुन्हा’. शनिवारी उजव्या पानांवरच्या नोंदी इथे टाकायच्या. मूल पुढेमागे शाळेत जायचे ठरले तर कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तेव्हा मुख्याध्यापकांसमोर ठेवायला हीच पाने उपयोगी पडतात. सुटे कागद दाखवणे वेगळे आणि बांधलेली, तारखांची, एकाच अक्षरातली खतावणी दाखवणे वेगळे.

त्यानंतरची काही वर्षे बरी गेली.

मग एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाने आमच्या वहीच्या प्रती मागवल्या. पुढच्या हंगामात त्याची स्वतःची वही बाजारात आली. डावे पान तेच, उजवे पान तेच, खाली ‘उरलेले’, आणि आतल्या पुठ्ठ्यावरच्या आमच्या सूचना शब्दाशब्दाने तशाच. मुखपृष्ठ चकचकीत, चार रंगांत, किंमत आमच्यापेक्षा कमी. पालकांच्या गटांमधून येणाऱ्या एकगठ्ठा ऑर्डरी तिकडे गेल्या. वर्षानुवर्षे वही नेणाऱ्यांनीही आम्हालाच विचारले, तुम्ही त्यांची नक्कल केली का?

नक्कल करताना त्याने पट्टी बारा ओळींची केली. बारा ओळींत दोन आठवड्यांची थकबाकी आरामात मावते, आणि मावते म्हणून साठत जाते. पोळ्यापर्यंत पट्टी भरून वाहते आणि आईला वाटते आपणच कमी पडलो. तारखाही छापल्या, म्हणजे ताईंनी सांगितलेला पहिलाच रोग परत आणला. आणि कागद घेतला आर्ट पेपर. आर्ट पेपरवर लेप असतो. जेल पेनची शाई त्यावर लवकर सुकत नाही, डावखुऱ्या मुलाचा तळवा सगळे पुसत जातो, पेन्सिल धरत नाही, खोडले की चकाकी जाऊन डाग पडतो. जे पान भरायचे आहे त्याला लेपाचा कागद लावणारा माणूस रोजच्या वापराच्या वह्यांच्या धंद्यातला नव्हे. तरी ती वही खपली. हे आम्हाला आजही पटत नाही.

आमचा कागद 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅमचा, बिनलेपाचा मॅपलिथो. 70 च्या पाठीमागे जेल पेन दिसते, 100 ने वही जड होते. शीट 23 × 36 इंची. त्यातून पूर्ण ए-4 ची आठ पाने बसत नाहीत, उंचीला थोडे कमी पडते, म्हणून आमच्या वहीचे पान कापून 8.5 × 11 इंच होते. ए-4 च हवा असेल तर 25 × 36 ची शीट घ्यावी लागते आणि कडेचा कागद रद्दीत जातो. ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, 23 च्या बाजूने मागवायची, म्हणजे कापल्यावर ती वायरला समांतर येते. उलटी आली तर पावसाळ्यात पाने कण्यापाशी लाटा घेतात. ओळखायचे सोपे आहे: कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करा, त्याची जी नळी होते तिच्या लांबीची दिशा ती ग्रेनची दिशा. आणि रिम उतरवून घेताना काट्यावर ठेवा. 23 × 36 ची, 80 जीएसएमची, 500 शीटची रिम 21 किलोच्या थोडी वर भरते. साडेअठराच्या आसपास भरली तर लेबल काहीही असो, आत 70 चा कागद आहे.

ताईंसाठीच्या सुरुवातीच्या वह्या चाचांनी जुज शिवून दिल्या. पण नियोजनाची वही टेबलावर पूर्ण उघडी राहायला हवी आणि मागे दुमडता यायला हवी, म्हणून वायर. 11 इंच कण्याला 3:1 च्या, म्हणजे इंचाला तीन छिद्रांच्या मापाने, टोकाला जागा सोडून 32 छिद्रे. छिद्रे पाडणाऱ्या यंत्राची बाजूची पट्टी नीट लावली नाही तर टोकाचे छिद्र अर्धे कापले जाते आणि पान तिथूनच फाटायला लागते. वायर आवळताना मागचा पुठ्ठा पुढे आणून आवळायची, मग सांधा आत लपतो आणि पान अडकत नाही. सांध्यात फट राहिली की वर्षाच्या मध्यात पाने एकेक निसटतात. कमी आवळलेली वायर चाचा डोळे मिटून, बोट फिरवून ओळखायचे. यंत्र आल्यावरही शेवटची तपासणी त्यांच्याकडेच होती.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी 45 फूट. 2005 च्या पुराची खूण बघून आम्ही कागदाचे रॅक त्याच्या दोन फूट वर घेतले होते. या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2005 पेक्षा तीन फुटांहून जास्त. माणसे वेळेत बाहेर पडली. कागद राहिला.

भिजलेली रिम फुगते, बाजूच्या रिमला ढकलते आणि रॅकचे खांब वाकवते. मॅपलिथो लगेच हाती लागला तर सुटा करून, पंख्याखाली वाळवून निदान कच्च्या कामाला येतो. आर्ट पेपरची वीट होते, ती सुटत नाही. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि पाणी तर त्याहून कितीतरी जास्त दिवस उभे होते. नदीचा बारीक गाळ कटिंग मशीनच्या पात्याखाली, ऑफसेटच्या रोलरच्या बेअरिंगमध्ये, पंचिंगच्या डायमध्ये गेला. डायच्या पिना गंजल्या की छिद्राला दाते पडतात, म्हणजे डाय फेकायची.

विम्याच्या माणसाने कोऱ्या कागदाचा भाव लावला आणि छापलेल्या, कापलेल्या, वायर बसायची बाकी असलेल्या वह्यांना रद्दीचा. का, तर ‘विक्रीयोग्य तयार माल नाही’. छापलेला फर्मा कोऱ्या कागदापेक्षा स्वस्त कसा होतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगितले नाही. अपिलाला उत्तर आले ते छापील नमुन्यातले. चाचांनी त्यानंतर काम सोडले, वयही झाले होते. धंदा बंद करायचा कागद तयार होता.

थांबवले ताईंनी. त्यांनी ओळखीच्या पालकांकडून पुढच्या जूनच्या वह्यांचे पैसे आगाऊ गोळा करून पाठवले, आणि सोबत आपली त्या वर्षीची वही, लाल पेनाने दुरुस्त्या केलेली, दरवर्षी पाठवायच्या तशीच. त्या पैशातून डाय आणि कागद आला. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मागणी अचानक वाढली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आले, पण तोवर छपाई आणि साठा कुपवाडला हलवला होता.

ताईंच्या दुरुस्त्यांतूनच परीक्षेचे पान आले. मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करणाऱ्यांना पाच विषय, किमान वय 14, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन सत्रांत, आणि टीएमए म्हणजे घरी लिहून द्यायच्या कामाला 20 टक्के वजन. पालक टीएमए विसरतात, कारण ते रोजच्या यादीत येत नाही. म्हणून त्या पानावर प्रत्येक विषयाच्या टीएमएला तीन चौकटी आहेत: लिहिले, तपासले, जमा केले. जमा केल्याची पावती मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवायची. राज्य मंडळाकडून 17 नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, याच पानाची दुसरी आवृत्ती आहे.

एक सल्ला. वही नवी असते तेव्हा उत्साहात सगळी 40 आठवड्यांची यादी लिहून काढू नका. पुढचे तीन आठवडे लिहा, तेही पेन्सिलने. बाकीचे विषयाच्या पानावर नुसत्या धड्यांच्या क्रमाने ठेवा. दोन मुलांना एक वही घेऊन पैसे वाचवू नका. धाकट्याच्या चौकटी मोठा भरतो आणि भांडण वेगळेच होते.

पुढच्या वर्षाची छपाई मार्चमध्ये सुरू होईल. ऑर्डर देताना मुलाचे वय, तो किंवा ती डावखुरी आहे का, आणि परीक्षा कुठल्या मंडळाची, एवढे कळवा. डावखुऱ्यांसाठी वायर वरच्या बाजूला बसवून देतो, त्याचे जादा पैसे घेत नाही.