मा म्हणजे घोडासुद्धा

“मा” सपाट सुरात म्हटलं की आई. सूर खाली नेऊन वर उचलला की घोडा!

अमेरिकेत, युटा राज्यातल्या आमच्या शाळेत आज बाईंनी हे करून दाखवलं. अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस मँडरिन, म्हणजे चिनी. २००८च्या कायद्यापासून इथल्या काही सरकारी शाळांत हे चालतं, तेही फुकट.

लेकीला चारही सूर पटकन जमले. मी फुशारकीने साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आजीने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, “आता ‘बाळ’ म्हण बघू.”

“बाल.”

आजी हसली, पण जरा उशिरा.

या मँडरिन वर्गाचा फॉर्म भरणार आहेच, नवऱ्याने पेनही काढून ठेवलंय. पण पोहण्याच्या क्लासपायी रविवारची मराठी शाळा किती वेळा बुडवली, ते मोजत बसलेय.

तुमच्या मुलांना ‘ळ’ कसा आला हो?