कळमन्याच्या यादीतल्या दुबार नोंदी फॉर्म्युल्याने कशा पकडायच्या

संत्र्याचा आंबिया बहार (वर्षातल्या दोन पिकांपैकी एक, दुसरं मृग बहार) नागपूरच्या कळमना मार्केटात उतरू लागला की अडतीवर, म्हणजे दलालाच्या पेढीवर, नोंदींची रीघ लागते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडून गाड्या येतात. गेटवरचा मुलगा मोबाइलवर गूगल शीटमध्ये लिहितो, गद्दीवरचे दिवाणजी एक्सेलमध्ये. रात्री दोन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या की एकच माल दोनदा बसतो. कधी पैसे दोनदा सुटतात. कधी याच्या उलट होतं: दुबार समजून खरी नोंद उडवली जाते आणि शेतकऱ्याची अख्खी गाडी हिशेबातून गायब होते. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती शोधायला त्या शेतकऱ्यालाच नागपूरपर्यंत पुन्हा खेटे घालावे लागतात. म्हणून खालचं सगळं ‘आधी दाखवा, मग पाहा, मग उडवा’ याच क्रमाने आहे.

उदाहरणासाठी कॉलम असे धरू: ए दिनांक, बी पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची पावती) क्रमांक, सी नाव, डी गाव, ई मोबाइल, एफ वजन, जी बँक खातं. पहिली ओळ शीर्षकाची, नोंदी दुसऱ्या ओळीपासून. फॉर्म्युले इथे देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे.

पायाचा फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो:

=काउंटइफ($बी$२:$बी$५०००,बी२)

ही पट्टी पूर्ण कॉलममध्ये किती वेळा आली ते कळतं. उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर ती संशयित. डॉलरची चिन्हं विसरलात तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही खाली सरकते आणि वरच्या ओळी मोजणीतून निसटतात. पहिली नोंद सोडून फक्त पुढच्या हव्या असतील तर शेवटच्या टोकाचे डॉलर मुद्दाम काढायचे:

=काउंटइफ($बी$२:बी२,बी२)>१

हा प्रकार वापरताना मध्येच यादी सॉर्ट करू नका. सॉर्ट केल्यावर जी ओळ वर येईल तीच ‘पहिली’ ठरते आणि खुणा जागा बदलतात. आधी निकालाचा कॉलम कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, मग सॉर्ट.

पण एवढ्याने काम भागत नाही. पट्टीपुस्तक बदललं की क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात, आणि गेटवरच्या नोंदीत पट्टी क्रमांक बहुतेकदा नसतोच. म्हणजे फॉर्म्युला लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: आपल्या यादीत दुबार कशाला म्हणायचं? आंबियाला आलेला शेतकरी मृग बहाराला फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा येतो. नाव तेच, गाव तेच, मोबाइल तोच, तरी ती नवी नोंद आहे. उलट बापलेक दोघांची वेगळी पट्टी असते आणि मोबाइल घरात एकच. नुसत्या मोबाइलवरून दुबार ठरवलं तर मुलाची पट्टी बापाच्या पट्टीत जिरते. अडतीच्या यादीसाठी दिनांक, मोबाइल आणि वजन ही तीन मिळून ओळख धरणं सगळ्यात भरवशाचं. तिन्ही जुळली तर दुबार असण्याची शक्यता दाट.

=काउंटइफ्स($ए$२:$ए$५०००,ए२,$एच$२:$एच$५०००,एच२,$एफ$२:$एफ$५०००,एफ२)

इथे ई ऐवजी एच घेतला आहे, कारण मोबाइल जसाच्या तसा कधीच जुळत नाही. कोणी मध्ये जागा सोडतं, कोणी पुढे शून्य लावतं, कोणी अधिक ९१. एचमध्ये साफ केलेला नंबर ठेवायचा:

=राइट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(ई२," ",""),"-",""),युनिचार(१६०),""),युनिचार(८२३६),""),१०)

साधी जागा आणि आडवी रेघ काढून शेवटचे १० अंक घेतले की शून्य आणि ९१ आपोआप गळतात. युनिचार क्रमांकावरून चिन्ह देतं; त्यातली १६० ही वेब पानावरून कॉपी होऊन येणारी जागा. दिसायला साध्या जागेसारखीच, पण जादा जागा काढणारं ट्रिम फंक्शन तिला हात लावत नाही. ८२३६ तर दिसतच नाही. फोनमधल्या संपर्क यादीतून नंबर कॉपी केला की ते चिन्ह कधी कधी शेवटी चिकटून येतं आणि राइट त्यालाच दहावा अंक समजतं. साफ झालेल्या नंबराची लांबी =लेन(एच२) ने तपासा; १० पेक्षा कमी आली की नंबर अर्धवट लिहिलेला आहे. एकाच सेलमध्ये तिरकी रेघ देऊन दोन नंबर लिहिले असतील तर या फॉर्म्युल्याला फक्त दुसरा दिसतो. ते आधी वेगळे करा.

मोबाइल रिकामा असेल तर सगळे रिकामे एकमेकांशी जुळतात. एकाच दिवशी सारख्या वजनाच्या दोन बिनमोबाइल नोंदी असल्या की खोटा इशारा मिळतो. म्हणून काउंटइफ्सला बाहेरून इफ लावा: एच२ रिकामा असेल तर ‘फोन नाही’ असं लिहून ये, नाहीतर मोज.

वजनात गेटवर किलो आणि गद्दीवर क्विंटल असा घोळ असतो. १२.४ आणि १२४० जुळणार नाहीत, आधी एक एकक करा. दिनांकाचा घोळ जास्त छुपा. लॅपटॉप अमेरिकी पद्धतीवर सेट असेल तर ५/११/२०२४ टाइप केल्यावर तो त्याला ११ मे समजतो, आणि २५/११/२०२४ ला पंचविसावा महिना नसल्याने ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. =इझनंबर(ए२) लावून पाहा. काही ओळींत ट्रू आणि काहींत फॉल्स आलं की हाच रोग. मोबाइल फॉर्ममधून आलेल्या दिनांकामागे वेळही असते; ती काढायला =इंट(ए२).

आता नावं. मराठीत टाइप केलेल्या यादीत जी गंमत होते ती इंग्रजी यादीत होत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. पडद्यावर दोन ओळींत अगदी सारखं दिसतं, तरी काउंटइफ दोन्हीकडे १ दाखवतं. =लेन(सी२) लावलं की एकीकडे ७ येतात, दुसरीकडे ८. कीबोर्डागणिक तो ऱ्ह दोन तऱ्हांनी घडतो. एकात खाली टिंब असलेला ऱ हा एकच वर्ण, मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, ज्याचा क्रमांक ८२०५. कोणता वर्ण आहे हे =युनिकोड(मिड(सी२,२,१)) सांगतं: २३५३ आलं तर टिंबवाला, २३५२ आलं तर साधा. उपाय असा:

=सब्स्टिट्यूट(सी२,युनिचार(२३५२)&युनिचार(२३८१)&युनिचार(८२०५),युनिचार(२३५३)&युनिचार(२३८१))

हे आधी करायचं आणि मगच उरलेले ८२०५ काढून टाकायचे. क्रम उलटा केला तर ऱ्हचा रफार होतो, आणि कऱ्हाडे ‘कर्हाडे’ होऊन बसतात. गोऱ्हे, बऱ्हाणपुरे यांनाही हेच लागू. याच्या पुढच्या चुका फॉर्म्युल्याच्या आवाक्याबाहेरच्या: सुनिता आणि सुनीता, चंद्रभान आणि चन्द्रभान, कळमेश्वर आणि ‘कळमेश्र्वर’. गावांसाठी ड्रॉपडाउन यादी द्या, टाइप करूच देऊ नका. नावावर दुबार ठरवणं टाळा. नाव फक्त डोळ्यांनी खात्री करायला ठेवा.

बँक खात्याच्या कॉलमकडे वेगळं लक्ष हवं, कारण इथली चूक थेट पैशांवर येते. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक आकडा धरतं. १६ अंकी खातं तसंच टाइप केलं की शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो नंतर परत मिळत नाही. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करून मगच टाइप करा. त्यानंतरही काउंटइफ डाव खेळतं: आकड्यासारखा दिसणारा मजकूर ते आकडा म्हणूनच मोजतं. त्यामुळे शेवटच्या अंकात फरक असलेली दोन लांब खाती एक धरली जातात, आणि ००१२३ व १२३ सुद्धा. एका सहायक कॉलममध्ये ="खा"&जी२ असं पुढे अक्षर लावा आणि मोजणी त्या कॉलमवर करा. अक्षर लागलं की तो आकडा राहत नाही. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक लिहीत असाल तर १२/२ ची तारीख होते. तिथेही टाइप करण्याआधी टेक्स्ट.

नोंदी वाढल्या की शीट रडू लागतं. २०,००० ओळींवर काउंटइफ लावलं म्हणजे प्रत्येक ओळ २०,००० ओळींशी ताडली जाते, एकूण ४० कोटी तुलना. अशा वेळी दिनांक, मोबाइल, वजन मध्ये उभी रेघ घालून एका कॉलममध्ये जोडा, समजा जेमध्ये: =ए२&"|"&एच२&"|"&एफ२. रेघ हवीच, नाहीतर १२ आणि ३ जोडून जे होतं तेच १ आणि २३ जोडून होतं. मग जेवर सॉर्ट करून तिसऱ्या ओळीपासून =जे३=जे२ एवढंच खाली ओढा. पापणी लवायच्या आत होतं. सॉर्ट करायचं नसेल तर

=मॅच(जे२,$जे$२:$जे$२०००१,०)+१

हा पहिली नोंद कुठल्या ओळीत आहे तो ओळ क्रमांकच देतो. उत्तर स्वतःच्या ओळीपेक्षा लहान आलं की दुबार, आणि कोणाची दुबार तेही हाती.

उडवताना एक्सेलचं रिमूव्ह डुप्लिकेट्स बटण टाळा. ते वरची ओळ ठेवतं आणि खालच्या काढतं, आणि अडतीवर खालची नोंद बऱ्याचदा काटा पुन्हा करून दुरुस्त केलेली असते. फाइलची प्रत करा, निकालाच्या कॉलमवर फिल्टर लावा, दोन्ही ओळी कागदी पट्टीशी ताडा आणि जी चुकीची तीच काढा. एकाच शेतकऱ्याच्या दोन गाड्या एकाच दिवशी सारख्या वजनाच्या क्वचित निघतात, पण निघतात.

पुढच्या हंगामासाठी पट्टी क्रमांकाच्या कॉलमवर डेटा व्हॅलिडेशनमध्ये =काउंटइफ($बी$२:$बी$५०००,बी२)=१ घालून ठेवा आणि नवं पट्टीपुस्तक उघडलं की नवी शीट घ्या. तीच पट्टी दुसऱ्यांदा टाइप केली की शीट जागेवरच अडवतं. पेस्ट केलेल्या ओळींना मात्र ही अट लागत नाही, म्हणून रात्री याद्या जोडल्यावर मॅचचा कॉलम एकदा नजरेखालून घालायचाच.