एमव्हीपी शायला मिळाला, पण माझं मत योकिचलाच

आमच्या लातूरच्या ग्रुपवर अजून २०२४-२५ च्या एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) एमव्हीपीवरून (सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू) वाद चालू हैत आणि मी योकिचची बाजू काही सोडणार नाही. शाय गिल्जियस-अलेक्झांडर लई भारी खेळला, मॅचमागं ३२.७ पॉइंट, त्याच्या ओक्लाहोमा टीमनं ६८ मॅच जिंकल्या, त्याला अवॉर्ड चुकून मिळाला असं मी म्हणतच नाही. पण योकिचचं बघा ना, २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), १०.२ असिस्ट (ज्यावर बास्केट होतं तो पास), म्हणजे पूर्ण सीझनचा ॲव्हरेजच ट्रिपल-डबल (तिन्ही आकडे दहा किंवा वर), असं आधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन आणि वेस्टब्रुकनं केलेलं, आणि हा तर सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) आहे, एवढा धिप्पाड गडी मागं न बघता असले पास देतो की बघतच राहावं!

पोरं म्हणायलेत योकिचच्या डेन्व्हर टीमनं ५०च मॅच जिंकल्या. अरे मग २०१७ ला वेस्टब्रुकच्या टीमनं ४७च जिंकलेल्या, तरी दिलाच ना त्याला? २०२३ च्या वर्ल्डकपात आपण फायनल हरलो तरी प्लेअर ऑफ द टूर्नामेंट कोहलीच होता.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. योकिच बेंचवर गेला की डेन्व्हरचा सगळा खेळच बसतो, ओक्लाहोमाचा डिफेन्स मात्र शाय बसला तरी समोरच्याला दम घेऊ देत नाही, मग टीमला जास्त गरज कुणाची? १०० जणांच्या मतदानात ७१ जणांनी शायला पहिला नंबर दिला, २९ जणांनी योकिचला, मी त्या २९ च्या बाजूनं. शायवाल्यांनो, बेंचचा मुद्दा खोडून दाखवा, बाकीचे आकडे मला पाठ हैत.