निळी स्क्रीन आणि पुरातून वाचलेले फोटो

२०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम चिखलात गेले. जे फोटो धुऊन, दोरीवर वाळत घालून वाचले, ते बाबा आणि मी गेल्या दिवाळीपासून स्कॅन करत होतो. हजाराच्या वर झाले होते. आणि त्याच कॉम्प्युटरवर निळी स्क्रीन, म्हणजे विंडोज अचानक बंद पडल्याचा संदेश, यायला लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा मी नीट वाचायच्या आत कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट झाला. आठवड्यात चौथ्यांदा तसं झालं तेव्हा दुकानात फोन केला. ‘घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकून देतो,’ असं उत्तर मिळालं. बाबा म्हणाले, ‘अगं, आधी काय झालंय ते तर बघू. फोटो गेले तर?’ म्हणून पुण्याच्या आतेभावाला फोन लावला. त्याने पहिलं काम सांगितलं ते वही काढायचं.

सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकली. आता निळी स्क्रीन आली की ती तशीच थांबायची आणि खालचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, उतरवून घेता यायचा. तारीख, वेळ, कोड, त्या वेळी काय चालू होतं, असे चार रकाने आखले. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ची लाल नोंद दर वेळी दिसायची. तिच्यावरून मी आधी पॉवर सप्लायवर संशय घेतला होता. पण ती नोंद एवढंच सांगते की कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद पडला. का पडला ते नाही.

दहा दिवसांत वहीत सहा नोंदी झाल्या. मेमरी मॅनेजमेंट दोनदा, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, परत पेज फॉल्ट, आणि एक वेगळाच. दर वेळी बंद पडताना विंडोज मिनीडंप फोल्डरमध्ये एक फाइल ठेवतं. त्या फाइली उघडल्या तर दर वेळी नाव दुसऱ्याच ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं. मी वैतागले होते, पण आतेभाऊ म्हणाला, ‘ताई, हीच खूण आहे. ड्रायव्हर खराब असता तर बहुतेक वेळा तोच तो सापडला असता. दर वेळी वेगळा पकडला जातोय, म्हणजे सगळे ज्या जागेवर उभे आहेत ती जागा बघ.’ ती जागा म्हणजे रॅम, चालू काम तात्पुरतं ठेवणारी कॉम्प्युटरची मेमरी.

मध्ये एकदा फसायला झालं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा चालवली तर विंडोजच्या बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी परत निळं. फाइली बिघडणं हा परिणाम होता, कारण नव्हतं. तेव्हा फॉरमॅट केला असता तर नवीन विंडोजसुद्धा त्याच बिघडलेल्या मेमरीतून डिस्कवर उतरलं असतं.

विंडोजच्या मेमरी डायग्नोस्टिकने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आतेभावाचा त्यावर विश्वास नव्हता. त्याने मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकायला लावला आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करून रात्रभर सोडायला सांगितलं. पहिली फेरी स्वच्छ गेली. पहाटे उठून पाहिलं तर दुसऱ्या फेरीत चुकांच्या लाल ओळी. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा रॅम जास्त वेगाने चालवणारा पर्याय बंद करून वेग कमी केला, तरी लाल ओळी आल्याच.

मग रॅमची एकेक पट्टी तपासायची ठरवली. आमच्याकडे आठ-आठ जीबीच्या दोन होत्या: एक कॉम्प्युटर घेतला तेव्हाची, दुसरी स्कॅनिंगसाठी नंतर वाढवलेली. वायर काढून, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ दिला, कॅबिनेटच्या धातूला हात लावला आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. कोकणातल्या दमट हवेत तेवढ्यानेही कधी काम होतं. आमचं झालं नाही. जुनी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चारही फेऱ्या पास झाली. नवी दोन्हीकडे नापास. पट्टीच खराब, स्लॉट नव्हे, हे त्यावरून नक्की झालं.

ती काढल्यापासून सात आठवडे निळी स्क्रीन आलेली नाही. पण मला हादरवलं ते त्यानंतर. खराब मेमरीतून जाणाऱ्या फाइलीही बिघडू शकतात, हे डोक्यात आल्यावर मी सगळे स्कॅन एकेक करून उघडले. जेपीजीत एखादा बिट जरी चुकला, तरी तिथून खालचं चित्र सरकू शकतं किंवा रंग बदलू शकतात. तसे एकतीस निघाले. आजीच्या एका फोटोत कपाळाखाली नुसता राखाडी पट्टा. एक्स्टर्नल डिस्कवरची बॅकअप कॉपीही तशीच, कारण ती बिघडलेल्या फाइलीचीच घेतलेली. बॅकअप आहे म्हणून मी निर्धास्त होते, याचं फार वाईट वाटलं.

मूळ फोटो अजून आहेत, हे आमचं नशीब. बावीस घरातच होते, ते बाबांनी परत काढून दिले. आता कॉपी केल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, आम्ही ताडून पाहतो. बाबा आकडे मोठ्याने वाचतात, मी जुळवते. उरलेले नऊ आत्याला दिलेल्या अल्बममध्ये होते. फोटो टपालाने पाठवायला ती तयार नव्हती. परवा गुहागरच्या एसटीने ती स्वतः मांडीवर अल्बम घेऊन आली. आजीचा फोटो पहिला स्कॅन केला.