कॅलिपरचा रकाना

गोव्यात स्मरणिकांना तोटा नाही. देवस्थानाचा वर्धापनदिन असो, हायस्कूलचा रौप्यमहोत्सव असो की नाट्यमंडळाची पन्नाशी, स्मरणिका निघतेच, आणि तिचे संपादन करून देणाऱ्या माझ्यासारख्यांचे त्यावर बऱ्यापैकी चालते. वृत्तपत्रातली नोकरी सोडल्यापासून मी हेच काम करत आले आहे. त्यामुळे फोंड्यातल्या एका सेवा क्लबच्या सचिवांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बोलावले, तेव्हा हाती काय येणार याचा अंदाज मला होता. माजी अध्यक्षांची छायाचित्रे, मान्यवरांचे शुभसंदेश, हार्डवेअरच्या दुकानांपासून बार अँड रेस्टॉरंटपर्यंत सर्व हितचिंतकांच्या जाहिराती, आणि या सगळ्यातून जागा उरली तर क्लबचा इतिहास.

इतिहासाचा मसुदा सचिवांनी लिहून ठेवलेला होता आणि तो शिकागोत सुरू होत होता. याला इलाज नाही. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तीन परिचितांना जमवून रोटरीची पहिली बैठक घेतली ती शिकागोत, आणि मेल्व्हिन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने १९१७ साली लायन्सची जुळवाजुळव झाली तीही शिकागोतच. त्यामुळे आपल्याकडचा क्लब यांपैकी कोणत्याही घराण्यातला असला, तरी पहिली दोन पाने त्या शहराला द्यावी लागतात. शिकागो म्हटले की १८९३ चे विवेकानंद आठवणाऱ्या मराठी वाचकाला या पानांचे फारसे कौतुक नसते, म्हणून मी ती एका परिच्छेदात बसवली. सचिवांनी कुरकुर केली, पण मान्य केले.

तिथून मसुदा थेट मुक्तीनंतरच्या काळात उडी घेत होता. क्लबचे संस्थापक सदस्य, म्हणजे दोन डॉक्टर, एक वकील, खाण कंपनीच्या कचेरीतले एक व्यवस्थापक, काही शिक्षक आणि व्यापारी, हे सगळे पोर्तुगीज अमलात वाढलेले होते. परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नाही अशा त्या गोव्यात १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात ती बंदी मोडली, तेव्हा यांतले बहुतेक जण शाळकरी वयाचे होते. पुढे स्वतःची संस्था काढून मोकळेपणाने बैठक भरवण्याचे अप्रूप त्यांना किती होते, ते त्यांच्या इतिवृत्तांत दिसते. चहा कोणी दिला, आभार कोणी मानले, कोण उशिरा आले, सगळे नोंदवलेले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, त्यानंतरच्या नोंदीत म्हापशाच्या क्लबबरोबर ठरलेली संयुक्त बैठक फेरीबोटीच्या गर्दीमुळे पुढे ढकलल्याचा ठराव आहे आणि त्याला सूचक-अनुमोदकही आहेत. स्त्रिया मात्र या इतिवृत्तांत बराच काळ अल्पोपाहाराच्या व्यवस्थेपुरत्याच येतात, त्याही ‘सौ.’ आणि पतीचे नाव अशा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिल्यानंतर आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरचे आपले नियम बदलल्यानंतर सेवा क्लबांची दारे स्त्रियांना उघडली, हे मी मसुद्यात घातले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे, त्या दिवशी मी जाहिरातींचा हिशेब घेण्यासाठी खजिनदारांकडे गेले होते. खजिनदार पेशाने फार्मासिस्ट, आता ऐंशीच्या घरात, आणि क्लबचे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र गेली अनेक वर्षे तेच सांभाळतात. बाजाराजवळच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे. त्यांत व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्च्या, वरखाली करता येणाऱ्या लोखंडी खाटा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले प्राणवायूचे कॉन्सन्ट्रेटर. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झाले की परत आणायची आणि अनामत घेऊन जायची, अशी साधी व्यवस्था. तिची नोंद एका लांबट वहीत. तारीख, साहित्य, नेणाऱ्याचे नाव, गाव, अनामत, परत केल्याची तारीख आणि शेवटी शेरा.

काका जाहिरातींच्या पावत्या शोधत होते तोवर मी या वह्या चाळत बसले आणि स्मरणिकेचे काम माझ्या डोक्यातून काही वेळ गेलेच. सगळ्यांत जुनी वही वाळवीने खाल्लेली होती, पण त्यानंतरच्या सलग होत्या. सुरुवातीच्या वह्यांत लहान मापाच्या कुबड्या आणि कॅलिपर, म्हणजे कमजोर पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, यांच्या नोंदी पानोपानी येतात. गावे बोरी, शिरोडा, सावईवेरे, उसगाव, आणि साहित्याच्या पुढे ‘मुलगा, वय ६’, ‘मुलगी, वय ४’. कॅलिपर परत येण्याचे कारण बहुधा एकच असे, ‘आखूड झाला’. मूल वाढले की मोठ्या मापाचा कॅलिपर द्यायचा आणि जुना पुढच्या मुलासाठी ठेवायचा. पुढे या नोंदी विरळ होतात, नव्या शतकात अपवादाने दिसतात आणि मग मुलांचे वय लिहिलेली एकही नोंद सापडत नाही. त्यांच्या जागी येतात वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड. वये ७२, ८१, ७८.

इतिवृत्तांत जे सापडत नव्हते ते या रकान्यांत होते. पोलिओचे उच्चाटन हे सेवा क्लबांचे सर्वांत मोठे काम. रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस या लसीकरण मोहिमेची घोषणा केली, १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासह जागतिक मोहीम उभी राहिली, भारतात डिसेंबर १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, आणि आमच्या या क्लबचे सदस्यही बसस्थानकावर, शाळांच्या व्हरांड्यात, जत्रेच्या गर्दीत डोस पाजून मुलांच्या करंगळीवर शाईची खूण करत बसले. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये फक्त एक, तोही जानेवारीत हावड्याला. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हे सगळे आकडे मला पाठ होते, कारण आदल्याच आठवड्यात मी त्यांचे पान लावले होते. ‘पोलिओ: मोहीम फत्ते’ असा मथळा, खाली करंगळी दाखवणारी मुले, आणि तळाला पान प्रायोजित करणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव. दुसरा बदलही जनगणनेशी जुळणारा होता. २०११ मध्ये साठीपुढच्या लोकांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यात होते, शंभरात सुमारे ११. मुले मुंबईला, बंगळुरूला, आखातात. घरात दोन म्हातारी माणसे, त्यांतले एक अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आळीपाळीने फुगणाऱ्या नळ्यांचा एअर बेड लागतो आणि दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गावातून त्याची मागणी येते. कॉन्सन्ट्रेटर नेणाऱ्याला काका बजावून सांगतात की तो विजेवर चालतो, तेव्हा पावसाळ्यात धारबांदोड्याच्या बाजूला भरलेला सिलिंडर हाताशी असल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

मी हे टिपून घेत असतानाच बाजूला चाके लावलेली एक स्कूटर दारात थांबली. उतरणारे गृहस्थ साठीच्या अलीकडचे असावेत. उजव्या पायात कॅलिपर, जुन्या घडणीचा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि पट्ट्यांना जोडलेला उंच टाचेचा बूट. बोलणे कोकणीत झाले, मी ते मराठीत देते आहे. “काका, ओळखलंत?” त्यांनी विचारले. काकांनी ओळखले. त्यांना दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला होता, आणि शाळेत जाताना घातलेला पहिला कॅलिपर याच क्लबच्या शिबिरातून मिळाला होता. पुढे अपंगांच्या योजनेतून त्यांना एसटीडी बूथ मिळाला. मोबाइल आल्यावर बूथ बुडाला, तेव्हापासून ते रस्त्याकडेला गाडा चालवतात.

त्यांची अडचण गुडघ्याच्या लॉकची होती. उभे राहताना पट्टीवरचे कडे खाली सरकून सांध्यात बसते आणि गुडघा अडतो. बसायचे झाले की कडे हाताने वर ओढायचे. वर्षानुवर्षांच्या वापराने ते कडे झिजले होते आणि चालता चालता वर सरकत होते. बँकेच्या पायरीवर गुडघा असाच अचानक मुडपला आणि ते पडले. तुटलेली पट्टी त्यांनी वेल्डरकडून सांधून घेतली होती आणि चामड्याचे पट्टे चांभाराकडून, पण लॉक कोणाला जमेना. विचारायला जातील तिथे त्यांना व्हीलचेअर नाहीतर वॉकर सुचवला जाई. “खुर्चीत बसून गाडा कसा चालवू?” ते म्हणाले. शिवाय दुसरी, धड असलेली मानली जाणारी टांगही हल्ली लवकर थकते, असे त्यांनी सांगितले.

ही शेवटची तक्रार वयाची म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती, हे मला नंतर एका अस्थिरोगतज्ज्ञांकडून कळले. पोलिओतून वाचलेल्या काही जणांना पंधरा ते चाळीस वर्षांनी स्नायूंचा अशक्तपणा पुन्हा जाणवू लागतो, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मेलेल्या चेतापेशींचा भार उचललेल्या उरलेल्या पेशी इतक्या वर्षांनी थकतात, असे त्यामागचे कारण मानले जाते. म्हणजे ज्या पिढीने शेवटचे कॅलिपर वापरले, तिलाच आता अधिक चांगल्या आधाराची गरज आहे, आणि नेमक्या याच काळात कॅलिपर बनवणारे हात कमी झाले आहेत, कारण नवे गिऱ्हाईक उरलेले नाही.

काकांनी वही उघडली आणि बराच वेळ नुसतीच समोर धरली. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते. गाळ्याच्या मागच्या कपाटात कॅलिपर होते, पण सगळे मुलांच्या मापाचे. मग त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. निवृत्त डॉक्टर, शिबिरांत मदत करणारे जुने सदस्य, दुसऱ्या क्लबांचे खजिनदार. दुपारचे जेवण टळले, गृहस्थांनी गाडा बंद ठेवल्याचे दोनदा बोलून दाखवले, आणि अखेर बेळगावच्या एका कारागिराचा पत्ता लागला, जो अजूनही मोजमाप घेऊन कॅलिपर बनवतो. भाड्याचा आणि कॅलिपरचा खर्च क्लब देईल, असे काकांनी त्यांना सांगून टाकले. असा खर्च करण्याचा अधिकार खजिनदाराला आहे की नाही, याबद्दल मला शंका होती, पण विचारण्याची ती वेळ नव्हती.

शंका रास्त होती. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा खर्चाला हरकत कोणाचीच नव्हती, पण ‘प्रकल्प’ म्हणून त्याला मान्यता देण्यात अडचण होती. सेवा क्लबांचे वर्ष १ जुलैला बदलते आणि त्याबरोबर अध्यक्षही. प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा, वर्षभरात पूर्ण होणारा, फलक लावता येईल असा प्रकल्प हवा असतो. बसशेड, शाळेतली स्वच्छतागृहे, पाण्याचा कूलर. ही कामे लोकांच्या उपयोगाचीच असतात, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण कॅलिपर दर काही वर्षांनी झिजतो आणि तो वापरणारा माणूस तोच राहतो. त्याचे उद्घाटन करता येत नाही. मावळत्या अध्यक्षांनी, जे बांधकाम व्यावसायिक आहेत, हा मुद्दा माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर ओळखला आणि दुरुस्तीसाठी कायम निधी ठेवून त्यातले व्याज फक्त पोलिओग्रस्तांच्या साहित्यावर खर्च करण्याचा ठराव स्वतःच मांडला, म्हणजे पुढच्या अध्यक्षाला तो सहजी बदलता येणार नाही.

स्मरणिकेच्या पानावर मात्र त्यांचे-माझे एकमत झाले नाही. मला मथळा बदलायचा होता. त्यांचे म्हणणे असे की सुवर्णमहोत्सवात रडगाणे नको, आणि ज्यांनी उन्हात उभे राहून डोस पाजले त्यांच्या श्रमाला ‘फत्ते’ म्हणण्याचा हक्क आहे. त्यांचे हे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटले नाही. शेवटी मथळा राहिला आणि पानाचा खालचा अर्धा भाग मी मिळवला. प्रायोजकाचे नाव मलपृष्ठावर गेले, त्यावर तो खूशच झाला. त्या अर्ध्या पानात साहित्य-वहीतल्या बदलाचा मजकूर आहे आणि त्याखाली पोलिओमुळे कॅलिपर वापरणाऱ्यांनी क्लबशी संपर्क साधावा, असे आवाहन. तेच आवाहन एका मराठी दैनिकालाही पाठवले. स्मरणिका छापून येण्याआधीच शिरोडा, उसगाव आणि डिचोलीहून फोन आले. त्यांतल्या एका बाईंनी गेली काही वर्षे कॅलिपर तुटल्यामुळे घराबाहेर पडणेच सोडले होते.

गाडेवाल्या गृहस्थांना नवा कॅलिपर मिळाला आहे, प्लास्टिकच्या साच्याचा, वजनाला हलका. त्यांची तक्रार अशी की आत घाम फार धरतो आणि उन्हाळ्यात दिवसभर घालवत नाही, म्हणून जुन्याचे लॉकही बदलून हवे आहे. काकांनी तक्रार शेऱ्याच्या रकान्यात लिहिली आणि दोन्ही कॅलिपर पुढच्या फेरीत बेळगावला न्यायचे ठरवले.